हेगच्या कोर्टाचा पंचनामा

२४ जुलै २०२५, गुरुवार

सकाळी सकाळी चैतालीचा फोन. ही पोर आधी "जेवलात का" विचारत नाही, आधी काम सांगते. आईवर गेली असती तर बरं झालं असतं.

काल म्हणे हेगला, जगाच्या कोर्टात, हवामान बदलावर मत जाहीर झालं. समुद्रात बुडायला लागलेल्या बेटांवरच्या कायद्याच्या पोरांनी हा विषय काढला, त्यांच्या इवल्याशा देशानं तो उचलून धरला, आणि शेवटी सगळ्या न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की पृथ्वी तापू नये म्हणून झटणं हे प्रत्येक देशाचं कायद्यानं बंधन आहे. नुसत्या सदिच्छेवर भागणार नाही.

"पप्पा, आम्ही पुस्तिका काढतोय. त्याचा सारांश मराठीत करून द्या. बीडच्या माणसाला कळेल असा."

"बीडचा माणूस काय वेगळ्या मातीचा असतो का गं?"

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

ती पुण्याला कायदा शिकवते. मी तिचा बाप, जिल्हा न्यायालयातला निवृत्त भाषांतरकार. जन्म गेला जबाब, पंचनामे आणि खरेदीखतं मराठीतून इंग्रजीत नेण्यात. आता उलट्या दिशेनं यायचं आहे. वरवर मी लई आढेवेढे घेतले. फोन ठेवला आणि लगेच चष्मा पुसायला घेतला.

सिंधू असती तर म्हणाली असती, "चढलं का घोड्यावर?" तिला जाऊन तीन वर्षं झाली, पण असलं काही झालं की अजून मान स्वयंपाकघराकडेच वळते.

२ ऑगस्ट, शनिवार

पहिल्याच पानावर ठेच. कायद्याच्या भाषेत देशाला 'राज्य' म्हणतात. आमच्या गावात, चौसाळ्यात, 'राज्यांनी बंधन पाळावे' असं वाचलं तर लोक मुंबईकडे बघतील. मी सरळ 'देश' लिहिलं. पुढे एक इंग्रजी शब्दजोड आली, म्हणजे जेवढं म्हणून करता येईल तेवढं खरोखर करणं, वरवर नाही. तिथं दोन दिवस अडलो. मग बसल्या बसल्या 'कसोशी' आठवला. आमच्या पाटील गुरुजींचा शब्द. "शहादेव, अक्षर कसोशीनं काढ." लिहून झाल्यावर मी एकटाच मोठ्यानं हसलो.

चहाला रामकिसन आला. रोजच येतो. आम्ही पहिलीपासून एका पाटीवर शिकलो. वढ्याकाठची त्याची काळी म्हणजे चौसाळ्यातली नंबर एकची जमीन, आणि ते तो दिवसातून एकदा तरी ऐकवतो.

"जय भीम साहेब. काय लिवायलास बे येवढं?"

"राम राम पाटील. जगाचं काम आहे."

मी त्याला हवामानाचा करार समजावला. सगळ्या देशांनी एकत्र बसून धूर कमी करायचं कबूल केलं. मग सगळ्यात मोठ्या देशानं अंग काढून घेतलं, मध्ये परत आला, आणि आता पुन्हा बाहेर निघालाय.

"सुपारी फुटल्यावर?" रामकिसन ताडकन म्हणाला. "दोन डाव सोयरीक मोडली? आन बैठकीतले लोक काय करत व्हते?"

"तिथं कुणी कुणाला जबरदस्ती करू शकत नाही."

"मंग सोयरीक केलीच कावून?"

मी म्हटलं, चहा पी.

तो गेल्यावर जुनं आठवत बसलो. त्याच्या घरी लहानपणी माझी कपबशी वेगळी असायची, कोनाड्यात पालथी. रामकिसनला त्याची लाज वाटायची, पण आईसमोर त्याची काय बिशाद. मग वच्छलाबाई लग्न होऊन आल्या. पहिल्याच महिन्यात ती कपबशी त्यांनी अंगणात फोडली. हातातून निसटली म्हणाल्या सासूला. निसटलेली बशी एवढ्या लांब जाऊन पडत नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

आज चैतालीशी भांडण. गोड भांडण, पण भांडण.

जो देश बंधन मोडेल त्यानं झालेलं नुकसान भरून द्यावं, असा भाग आहे. शब्दकोशात 'क्षतिपूर्ती'. असला शब्द जिभेवर घेतला तर कवळी निघेल. मी 'मावेजा' लिहिलं.

"पप्पा, 'नुकसानभरपाई' लिहा ना. मावेजा म्हटलं की लोकांना भूसंपादन आठवतं, कलेक्टर ऑफिस आठवतं."

"आठवू दे की. आपल्याकडे निजामापासून हाच शब्द आहे."

खरं कारण तिला सांगितलं नाही. सिंधूचं माहेर धरणात गेलं. आमचं नवं लग्न होतं तेव्हा सासरेबुवांच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. मावेजा आला की माडी बांधू, मावेजा आला की सिंधूला पाटल्या करू. माडी झाली नाही आणि पाटल्याही नाहीत, पण शब्द सिंधूबरोबर आमच्या घरी आला. मला कोर्टातून यायला उशीर झाला की दारात आडवी उभी राहायची. "उशिराचा मावेजा?" मग मी पिशवीतून बालुशाहीचा पुडा काढायचा आणि तिनं वाट सोडायची. आमच्या घरात तो हसण्याचाच शब्द झाला होता. तो शब्द लिहिला आणि बराच वेळ त्याच ओळीवर बोट ठेवून बसलो.

दुसरी कटकट 'सल्लागार मत' ह्याची. जगाच्या कोर्टानं एवढं घसा फोडून सांगितलं आणि त्याला म्हणायचं काय, तर सल्ला! सल्ला तर आमचा न्हावीसुद्धा देतो. मी 'निकाल' केलं.

"पप्पा, निकाल नाहीये तो. त्याला अंमल नाही. बंधन खरं आहे, पण हे मत स्वतः कुणाला बांधत नाही."

"तळटीप देतो ना. बारीक अक्षरात सगळं येईल."

"तुम्ही ऐकणार नाही."

"नाही."

ह्या एका बाबतीत ती माझ्यावर गेली आहे, तरी हरली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

वीज नाही. पाऊस थांबत नाही. वढ्याचा आवाज घरापर्यंत येतोय, जन्मात आला नव्हता. लिहिण्यात लक्ष नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

रामकिसनच्या रानात जाऊन आलो. रान म्हणायचं ते सवयीनं.

वढ्यानं वाट बदलली आणि सरळ त्याच्या काळीतून गेला. बांध नाही, सोयाबीन नाही, माती नाही. खाली मुरूम उघडा पडलाय. अंगद, म्हणजे त्याचा बैल, मोकळा सुटला होता म्हणून वाचला. रामकिसन मधोमध उभा होता आणि पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या होत्या.

"इथं गुडघाभर व्हती रे माती," एवढंच म्हणाला.

ह्याच रानात आम्ही दर संक्रांतीच्या सुमारास हुरडा खायचो. सिंधू आणि वच्छलाबाई कणसं चोळायच्या, आगटीच्या धुरानं डोळे लाल, चैताली आणि रामकिसनचा आदिनाथ चिंचोके खेळत. ज्वारी माणसाला गिळेल इतकी उंच. आदिनाथ त्यात लपला की हाका मारून घसा बसायचा. तेव्हा आम्हाला वाटायचं, हे असंच असतं दरवर्षी.

बीडला पाणी जास्त झालं, हे वाक्य सगळ्या नोकरीत मी एकदाही भाषांतरित केलं नव्हतं. दुष्काळाचे सगळे इंग्रजी शब्द मला पाठ आहेत.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. वंदना झाल्यावर विहारात पुस्तिकेचं वाचन ठेवलं होतं. छापून आली आहे, कागद बरा आहे, माझं नाव जरा बारीक टाकलंय. चैतालीला पुण्याहून येणं जमलं नाही, तेव्हा मीच वाचली.

गर्दी चांगली होती. आणि काय सांगावं, रामकिसन आणि वच्छलाबाई आले! मागे भिंतीला टेकून बसले. पुरानंतर तो पहिल्यांदाच कुठं बाहेर पडला असेल.

मी आवाज लावून वाचलं. तळटिपा वाचल्या नाहीत, त्या काही मोठ्यानं वाचायच्या नसतात. हा परिच्छेद वाचताना तर माझ्याच अंगावर काटा आला:

'ज्या देशांनी कबूल केलेलं बंधन पाळलं नाही, त्यांनी चूक थांबवावी, पुन्हा करणार नाही अशी हमी द्यावी, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला पूर्ण मावेजा द्यावा, असा जगाच्या कोर्टाचा निकाल आहे.'

मागून रामकिसनचा आवाज. "ते पुन्ना वाच बे."

पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. सगळे टाळ्या वाजवत होते, तो नुसता बघत होता. वच्छलाबाईंनी पदरानं डोळे टिपले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या भाषांतरानं कुणी रडलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, घरी येताना माझी छाती फुगली होती.

१३ ऑक्टोबर, सोमवार

रामकिसनला कायद्याची गोडी लागली आहे. दुःखात माणूस कुणी दारूकडे वळतो, कुणी देवाकडे, हा आंतरराष्ट्रीय कायद्याकडे वळला. मला तर फारच बरं वाटतंय. रोज चहाला येतो आणि प्रश्न विचारतो.

"ते न्यायाधीश मराठी वाचत्यात का?"

"भाषांतर होतं."

"तूच करशील मंग."

"मी कशाला? तिकडं त्यांची माणसं असतात."

"आन सोता हिंडत्यात का? का मानसं धाडत्यात?"

वा! हा प्रश्न तर चैतालीच्या विद्यार्थ्यांनासुद्धा सुचला नसता. मी त्याला सविस्तर सांगितलं की हे कोर्ट सहसा जागेवर जात नाही, पण एकदा नदीवरच्या धरणाच्या भांडणात न्यायाधीश स्वतः जागा बघायला गेले होते. त्याचा चेहरा असा उजळला की मी आणखी एक कप चहा टाकला.

"नदीच्याच भांडनात का?"

"नदीच्याच."

"आन तिथून हितं यायला किती येळ?"

"विमानानं एका दिवसात माणूस मुंबईत," मी म्हणालो. त्याला एकदा चैतालीबरोबर तिकडं पाठवावं असं मनात आलं.

रानाची गोष्ट काढली तर मात्र तुटक बोलतो. तलाठी येऊन सरकारी पंचनामा करून गेला. आजूबाजूचे लोक पाझर तलावातला गाळ ओढून वाहून गेलेल्या मातीच्या जागी आपापल्या रानात टाकतायत. ह्यानं मात्र रानाला बाभळीच्या काट्या लावून घेतल्यात, कुणाचं ढोर शिरू नये म्हणून. नुसत्या मुरमाला कुंपण! अजून मन घेत नसेल बिचाऱ्याचं. मी विषय वाढवला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

आज आदिनाथ आला. रामकिसनचा मुलगा, चिडला की बापासारखाच कानापर्यंत लाल होतो.

"काका, तुमीच सांगा आता बाबाला. ट्रॅक्टर दारात उभा हाय, गाळाला नंबर लागलाय, आन ते रानात पाय ठिवू देईनात. ज्वारीचा वाफसा गेला, पेरा हुकला. आता हरभरा तरी पेरू म्हनलं तर म्हनत्यात, दगड हलवायचा न्हाई."

"पण का?"

"कावून म्हंजी? पंचनामा व्हायचाय म्हनत्यात."

"अरे, तलाठ्यानं केला की."

"तलाठ्याचा न्हाई. हेगवाल्यांचा."

"तुमीच सांगितलं ना, निकाल लागलाय, मावेजा मिळनार, मानसं जागा बघाया येत्यात? बाबा म्हनत्यात, पंचनाम्याआधी जागा हलवली की केस गेली. शहादेव खोटं सांगायचा न्हाई."

बरोबरच आहे रामकिसनचं. इथं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की पंचनामा होईपर्यंत जागा हलवायची नसते. मीच हजारो पंचनाम्यांत 'जागा जशीच्या तशी' हे शब्द इंग्रजीत नेलेत.

आदिनाथला म्हटलं, मी बोलतो. तो गेला आणि मी पुस्तिका उघडून तळटीप वाचली. भिंगाशिवाय दिसेना.

५ नोव्हेंबर, बुधवार

गेलतो सांगायला. सांगून आलो नाही.

रामकिसननं ओसरी शेणानं सारवून घेतलीय. बाजेला नवी नवार. वच्छलाबाईंनी नव्या चादरीची घडी माझ्यासमोर उलगडून दाखवली, पाहुण्यांसाठी.

"भावजी, परदेशी मानसाला वरनभात चालतोय का हो? तिखट तर खात नसतील."

मी म्हणालो, चालतो.

चालतो! जीभ झडली कशी नाही माझी. त्यांनी भाकरी-ठेचा वाढला, मी गप गुमान खाल्ला, आणि रामकिसन मला वाटेपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "तू हायेस म्हनून बरं हाय बे. न्हाईतर आमाला कोन सांगनार व्हतं जगातलं."

८ नोव्हेंबर, शनिवार

चैतालीला सगळं सांगितलं. वाटलं होतं म्हणेल, मी तेव्हाच सांगत होते. म्हणाली नाही.

"पप्पा, मत भक्कम आहे. बंधन मोडलं तर भरपाई, हेही त्यात आहेच. पण ती देशानं देशाकडे मागायची, नुकसान कुणाच्या धुरानं झालं हे दाखवायचं, आणि समोरच्यानं कोर्ट मानायचं. रामकिसनकाकांपर्यंत यायला..."

"समजलं."

"सांगावं लागेल."

"समजलं म्हटलं ना."

फोन आपटला. मग तिला परत लावला आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सांगितलं.

कालपासून ब्राझीलमध्ये सगळ्या देशांची हवामान परिषद सुरू झाली आहे, सकाळी बातम्यांत होतं. रामकिसनही ते ऐकूनच आला होता. "जमलेत म्हनं सगळे. आता काढतील तारीख."

मी पुस्तिका मिटून बाजूला ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. निकाल नाही, मत आहे. बंधन खरं आहे, पण वसूल करायला बेलीफ नाही. मागणं मागायचं तर देशानं मागायचं, माणसानं नाही. आणि आपला देश त्या कोर्टात म्हणाला की आधी ज्यांनी धूर केला त्यांनी आधी निस्तरावं, आमच्यावर नवं ओझं नको. चौसाळ्यात कुणी येणार नाही.

त्यानं चहा खाली ठेवला.

"मंग निकाल कावून म्हनलास?"

"मला वाटलं, सल्ला म्हटलं तर लोकांना हलकं वाटेल."

"आन मावेजा?"

माझी बायको दारात उभी राहून हसत म्हणायची म्हणून. सांगितलं खरं तेच. सांगताना रडलो. वाटलं, तो समजून घेईल, सिंधूला तो बहीण मानायचा.

"तुमच्या घरात हसायचा शबूद व्हता तो," रामकिसन म्हणाला. "तिच्या बापाला जाऊन इचार."

मी त्याचा गार झालेला कप उचलला.

"मी अडानी हाय म्हनून न्हाई फसलो बे. टीव्हीवर रोज कोन काय बी सांगतंय, मी कुनाचं ऐकतो का? तुझा आवाज व्हता म्हनून धरून बसलो. पोराला शिव्या घातल्या. ज्वारी घालवली. सगळं गाव हसतंय, आन मी म्हनतोय, हसा, माझा शहादेव कोर्टातला मानूस हाय."

उठून गेला. वहाणा घालायचं विसरला आणि मी मागे घेऊन गेलो, तर घेतल्या नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चहा एकट्यापुरता टाकला. एकट्याच्या चहाला साखर किती घालायची ते हात विसरलाय, गोडमिट्ट झाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी वच्छलाबाई आल्या. त्यांना माझ्या दारात एकट्या आलेल्या मी कधी पाहिलं नव्हतं. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, म्हणाल्या, बसायला येळ न्हाई.

"भावजी, त्यांचा पंचनामा करून टाका."

"वहिनी, कसला पंचनामा? मी सांगितलं ना सगळं, कुणी येणार नाही."

"ते समजलंय त्यांना. समजून बी काट्या काढू देईनात. रोज जाऊन बसत्यात तिथं. म्हनत्यात, कुनी बगितलंच न्हाई तर गेलं कसं म्हनायचं." त्यांनी पदर सावरला. "तलाठी आलता, मोबाईलवर फोटू काढला, फटफटीवरून उतरला बी न्हाई. तुमी करा. तुमी लिवा."

"त्याचा उपयोग काहीच नाही, वहिनी. कोर्टात नाही, कचेरीत नाही."

"उपेगाचं कोन बोलतंय?" त्या एकदम ओरडल्याच. "मानूस गेल्यावर दहावा करत्यात, त्याचा काय उपेग असतोय? हून जाऊ द्या एकडाव. आदिनाथ थांबलाय."

आम्ही दहावा करत नाही, हे मी त्यांना म्हणालो नाही. उद्या सकाळी येतो म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी कोर्टात जायचो तसा गेलो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत पॅड. आदिनाथनं एका बाजूच्या काट्या सारल्या होत्या. गाळ भरलेली ट्रॉली रस्त्यावर उभी होती.

रामकिसन दगडावर बसला होता. माझ्याकडे बघितलं नाही.

उभ्या उभ्या लिहायला लागलो आणि लिहीन ते मोठ्यानं वाचत गेलो. मौजे चौसाळा, तालुका जिल्हा बीड. आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून जागेची पाहणी करतो ती येणेप्रमाणे. चतुःसीमा लिहिल्या. पूर्वेस वढा, असं लिहिलं आणि थांबलो, कारण वढा आता पूर्वेस नव्हता.

"पूर्वेस वढा व्हता," रामकिसन दगडावरूनच म्हणाला. "व्हता लिव."

मग तो उठला. पुढं चालत एकेक जागा सांगायला लागला आणि मी मागं. हितं बांध, बाबानं हातानं रचलेला. हितं जांभूळ, आदिनाथच्या बारशाला लावलेलं. हितं आईला साप डसला आन वाचली. हितं माती येवढी मऊ व्हती की नांगर हाकताना माझा बाप गानं म्हनायचा, दुसरीकडं कुठं न्हाई म्हनायचा. मी सगळं लिहीत गेलो. गाणंसुद्धा लिहिलं. कुठल्याही पंचनाम्यात गाणं आलेलं मी पाहिलेलं नाही. वच्छलाबाई मागून येत होत्या आणि मध्येच त्याला दुरुस्त करत होत्या, जांभूळ हितं न्हाई, तिकडं. त्यावर दोघांचं थोडं भांडणही झालं.

पानं भरली. शेवटी आलं 'नुकसानीचे कारण'. हाताला वळण पडलेलं, 'नैसर्गिक आपत्ती' असं लिहून मोकळाही झालो.

"काय लिवलंस?"

वाचून दाखवलं.

"नैसर्गिक खोड."

"रामकिसन, सगळीकडे तेच लिहितात."

"ते लिवू देत. तू काय वाचलंस इहारात? तीन डाव वाचायला लावलं मी. ते मत आसंल न्हाईतर निकाल आसंल, ते तुझं तू बघ. पन त्यात लिवलंय का न्हाई, की करतो म्हनले व्हते आन केलं न्हाई?"

"लिहिलंय."

"मंग तेच लिव."

मी 'नैसर्गिक आपत्ती' खोडलं. खाली लिहिलं: 'त्यांनी कबूल केले होते. केले नाही.' वाचून दाखवलं.

रामकिसननं पेन मागितलं. सहीसाठी पुढं झाला आणि थांबला.

"कबूल करनाऱ्यांत आपन बी व्हतो का बे? आपला देश?"

"होतो."

त्यानं ट्रॅक्टरकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. मग पेन मला परत दिलं.

"मंग 'त्यांनी' खोड. 'सगळ्यांनी' लिव."

लिहिलं. त्यानं सही केली, पाटीवर काढायचो तशी सावकाश. त्याच्याखाली वच्छलाबाईंनी केली, मग मी. कागद कुठं पाठवायचा असं कुणीच विचारलं नाही.

"चला, बाजूला व्हा," आदिनाथ ट्रॅक्टरवरून ओरडला. आम्ही तिघं बाजूला झालो आणि त्यानं पहिली ट्रॉली रिकामी केली.